आरशातली बस आणि मनातले

मनातले हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव सलूनच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाटीवर ऊन पडून पडून ते उडून गेलं आणि कुणाचंही त्यावाचून अडलं नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसून काहीही बोललं की त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "अगदी माझ्या मनातलं बोललात." म्हणून मनातले.

काहीही म्हणजे खरंच काहीही. शाळेतले गणिताचे सर खुर्चीत बसून म्हणायचे, "हल्लीच्या मुलांना अभ्यास नको, नुसते केस वाढवायला हवेत." कात्रीची कचकच न थांबवता मनातले म्हणायचे, "अगदी माझ्या मनातलं बोललात सर." सर उठून गेले की त्याच खुर्चीत, सरांच्याच केसांवर बूट ठेवून, सरांचा विद्यार्थी बसायचा. "काका, आमच्या सरांना ना, स्वतःलाच गणित येत नाही." "अगदी माझ्या मनातलं बोललास बाळा." दोघांचे केस एकाच मापाचे कापले जायचे आणि दोघंही खूश होऊन जायचे.

ही शिकवण वडिलांची. सलूनही वडिलांचंच. ज्याच्या गळ्याशी आपला वस्तरा आहे त्याच्याशी वाद घालायचा नाही, असं ते सांगायचे; तो दचकतो आणि आपला हात हलतो. वडिलांच्या मनात नियम फक्त दाढीपुरता होता. मनातल्यांनी तो केस कापताना लावला, मग मालिश करताना, मग भाजीवाल्याकडे, मग घरी. वस्तरा खिशात नसला तरी समोरचा माणूस दचकेल अशी धास्ती त्यांना कायम असायची.

बरं, नुसती मान डोलावणारे पुष्कळ असतात. मनातले तेवढ्यावर भागवत नसत. समोरच्याचं म्हणणं ते त्याच्याच आवाजात, त्याच्याच हेलात त्याला परत करायचे, वर एखादा मुद्दा पदरचा घालून. सरांशी बोलताना त्यांचा आवाज खडूसारखा कोरडा व्हायचा आणि पोराशी बोलताना फुटायला आलेला. हे ते मुद्दाम करत नसत. कान तसा आणि घसाही तसाच. गिऱ्हाइकाला वाटायचं, जगात आपल्याला समजून घेणारा एक तरी माणूस आहे आणि तो कलपही बरा लावतो.

त्यांची बायको गावाच्या दुसऱ्या टोकाला दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिच्याकडे दिवसभर माणसं तोंड उघडून बसायची आणि एकालाही बोलता यायचं नाही. यांच्याकडे दिवसभर माणसं बोलत बसायची आणि एकालाही हलता यायचं नाही. त्यामुळे संध्याकाळी घरी दिवसभराचं साचलेलं ती बोलायची आणि ते मान हलवायचे. संसार झकास चालला होता.

फक्त ती संध्याकाळ दिवसेंदिवस उशिरा उगवायला लागली होती.

सलूनपुढचा रस्ता तसा रुंद. पण कडेला गाड्या लावलेल्या. त्यांच्या पलीकडे "आलोच पाच मिनिटांत" म्हणून लावलेल्या. त्यांच्यातून बाहेर पडायला धडपडणाऱ्या आणखी तिसऱ्या. एवढं सगळं झाल्यावर मधे जी फट उरायची तिला रस्ता म्हणायचे. बायकोची बस त्या फटीत शिरायची आणि रोज, न चुकता, सलूनच्या बरोब्बर समोर येऊन रुतायची. बसचा थांबा पुढे, सिग्नलच्या पलीकडे. मनातले आरशाकडे तोंड करून उभे असायचे आणि आरशात, गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या वर, काचेपलीकडे बस दिसायची आणि बसच्या खिडकीत बायको.

सुरुवातीला एकदा तिनं ड्रायव्हरला विचारून पाहिलं होतं. "दादा, ते समोरच माझ्या नवऱ्याचं दुकान आहे, उतरू द्या की."

"ताई," ड्रायव्हर म्हणाला होता, "माझ्या बापाचं दुकान असतं... तरी दार उघडलं नसतं. थांबा... पुढे आहे." तो बोलायचाही बस चालवल्यासारखाच. दोन शब्द पुढे गेला की ब्रेक.

मग हातवारे सुरू झाले. ती खिडकीतून विचारायची, घरी काय आहे, काय आणायचंय. मनातले आरशात बघत कंगव्यानं उत्तर द्यायचे. हाताची वाटी करून गोल दाखवलं की कांदे, अंडी, बटाटे यांपैकी काहीतरी. बाकावर नंबर लावून बसलेली माणसंही मग यात पडायची. "अंडी म्हणताहेत वहिनी." "छे हो, अंडं असं धरतात होय? कांदाच तो." बहुमतानं जे ठरेल ते मनातले घरी जाताना घेऊन जायचे आणि ते हमखास चुकलेलं असायचं.

तर अशा या रस्त्यावर पालिकेनं ठरवलं की डाव्या कडेचं पार्किंग काढायचं आणि तिथे बससाठी वेगळी लेन आखायची. आधी सहा महिने करून बघायचं. त्याआधी शाळेच्या हॉलमध्ये लोकांची सभा घ्यायची, म्हणजे लोकांना वाटेल की आपल्याला विचारलं.

पालिकेचे इंजिनिअर साहेब महिन्यातून एकदा केस कापायला यायचे. वाक्य "बघा"नं सुरू केल्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही. "बघा, एका गाडीत एक माणूस. बघा, एका बसमध्ये पन्नास. आता बघा, रस्ता कुणाला द्यायचा?"

"बघा," मनातले म्हणाले, "पन्नास माणसं रांगेत उभी आणि एक माणूस आडवा झोपलाय, असं झालंय हे. अगदी माझ्या मनातलं बोललात साहेब."

आडवा झोपल्याचा दाखला साहेबांना इतका आवडला की त्यांनी तो मोबाईलमध्ये टिपून घेतला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे सोफेवाले शेट आले. त्यांचं फर्निचरचं दुकान भिंतीला भिंत लागून. शेट स्वतःही गादीसारखेच. बसले की खुर्ची सुस्कारा सोडायची. "सांगा मला," शेट म्हणाले, "गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे? सांगा मला, सोफा काय मांडीवर घेऊन बसमधून न्यायचा?"

"आणि कंडक्टर त्या सोफ्याचं तिकीट मागणार. फुल का हाफ, सांगा मला," मनातले तंतोतंत त्यांच्याच जड आवाजात म्हणाले. शेटचं पोट कापडाखाली हललं. "अगदी माझ्या मनातलं बोललात शेट."

रविवारी ड्रायव्हर आला दाढीला. "मी निघतो... वेळेवर. पोचतो... ते विचारू नका. शिव्या मात्र मला."

"बस तुमची... उभी. शिव्या तेवढ्या... चालू," मनातले म्हणाले. "अगदी माझ्या मनातलं बोललात."

तिघंही आपापल्या जागी समाधानानं गेले. घोळ इतकाच झाला की तिघंही गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

शेटनी एक मोठा छापील कागद आणला. त्यावर हातात कात्री घेतलेल्या, हसऱ्या मनातल्यांचा फोटो, आणि खाली: "बस लेन नकोच. गिऱ्हाइकांना गाडी लावू द्या." शेटनी तो सलूनच्या काचेवर बाहेरून चिकटवला. चिकटपट्टीचं दुसरं टोक मनातल्यांनीच धरलं होतं. माणूस शिडीवर उभा असताना त्याला दचकवायचं कसं?

आणि त्याच दिवशी दुपारी बस डेपोच्या लोकांनी बसमध्ये, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर, एक कागद लावला. त्यावर हातात कात्री घेतलेल्या, हसऱ्या मनातल्यांचा फोटो. रविवारी ड्रायव्हरनं काढलेला. खाली: "बस लेन हवीच. बसला वाट द्या."

संध्याकाळी बस सलूनसमोर येऊन रुतली. मनातल्यांनी सवयीनं आरशात पाहिलं. बायको आज हातवारे करत नव्हती. ती बसच्या आत, पुढे बघत होती. मग तिनं सावकाश मान वळवून बाहेर, सलूनच्या काचेकडे पाहिलं. मग पुन्हा आत. पुन्हा बाहेर. मग तिनं एक बोट आतल्या दिशेला दाखवलं, दुसरं बाहेरच्या दिशेला, आणि दोन्ही बोटं एकत्र करून त्यांच्यावर रोखली.

"कांदे का हो?" बाकावरचे एक आजोबा म्हणाले.

"कांदे नाहीत," मनातले म्हणाले.

घरी त्यांची जी हजामत झाली ती बिनपाण्याची. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"लेन हवी का नको?"

"तुला काय वाटतं?" मनातल्यांनी अंदाज घेतला.

"ते मी सांगणार नाही. मी सांगितलं की तुम्ही म्हणाल, अगदी माझ्या मनातलं बोललीस. मग त्याचा मला काय उपयोग?"

मनातल्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दिवसभर अशी तोंडं बघणाऱ्या बाईला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

"तुम्हाला नुसतं ठाऊक असू द्या म्हणून सांगते," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई संध्याकाळचा दवाखाना माझ्या हातात द्यायचं म्हणताहेत. किल्ल्यांसकट. सगळं मी बघायचं. पण सुटायला आणखी उशीर होणार, आणि वर ही बस. घरी पोचेन तेव्हा तुम्ही घोरत असाल. सकाळी तुम्ही दुकान उघडायला जाल तेव्हा मी झोपलेली. मग आपली भेट आरशात, तीही झाली तर. सभेनंतर कळवते म्हणालेय बाईंना. लेन झाली तर हो, नाही तर नाही."

"अगं, पण मग तर..."

"थांबा. 'तर' म्हणू नका. शेट आपलं रोजचं गिऱ्हाईक. त्यांच्या ओळखीनं येणारी सगळी माणसं गाडीतून येतात. ती तुटली तर दुकानाला फटका बसेल, तेही मला दिसतं. म्हणून तर म्हणते, मी सांगणार नाही. लग्नापासून मी तुम्हाला कधी नाही म्हणताना ऐकलेलं नाही. लग्नाला तरी मनापासून हो म्हणालात की मी दचकेन म्हणून, देव जाणे."

मनातले त्या रात्री घोरले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी सभा. हॉल गच्च भरला. स्टेजवर इंजिनिअर साहेब, माइक अधूनमधून खाकरत होता. साहेबांनी दहा-बारा वेळा "बघा" म्हणून भिंतीवर नकाशा दाखवला, जो मागच्या रांगांतून कुणालाच दिसत नव्हता. मग ते म्हणाले, "आता लेनच्या बाजूनं, व्यापाऱ्यांतर्फे, मनातले बोलतील."

"अहो, ते आमच्या बाजूनं बोलणारेत," सोफेवाले शेट उठून उभे राहिले. "सांगा मला, हे काय चाललंय?"

"आमच्या बसमध्ये... फोटो आहे त्यांचा," ड्रायव्हर मागून म्हणाला.

"आमच्या काचेवर आहे."

सगळा हॉल मनातल्यांकडे वळला. ते स्टेजवर चढले तेव्हा त्यांच्या खांद्यावर सवयीनं नॅपकिन होता आणि वरच्या खिशात कंगवा. माइकपुढे उभे राहिले आणि त्यांची भंबेरी उडाली. समोर एवढी डोकी, पण हाताखाली एकही नाही. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना उमजेना, आणि हात मोकळे असताना जीभ चालवायची त्यांना सवयच नव्हती.

घाबरला की माणूस येतं तेच करतो. मनातले शेटच्या आवाजात म्हणाले, "सांगा मला, सोफा काय मांडीवर घेऊन बसमधून न्यायचा?" हॉलमधून हसू फुटलं. शेटही हसले. मग ते ड्रायव्हरच्या आवाजात म्हणाले, "मी निघतो... वेळेवर." माइकनंही नेमका तिथे ब्रेक मारला. मग इंजिनिअर साहेबांच्या आवाजात, "बघा." नुसतंच बघा. एवढ्यावर सगळा हॉल हसून लोळला आणि साहेबांनी उगाचच नकाशा सरळ केला.

हसू ओसरल्यावर पुढच्या रांगेतल्या एक आजीबाई काठी टेकत म्हणाल्या, "हे सगळे कळले रे बाबा. तुझं काय?"

मनातल्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बायको बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, स्थिर. एक बोटसुद्धा हलत नव्हतं.

"शेट," मनातले म्हणाले, "जरा इथे येऊन बसता का?"

शेट आले आणि स्टेजवरच्या खुर्चीत बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं; मनातल्यांनी 'बसता का' म्हटलं की ते इतकी वर्षं बसतच आले होते. मनातल्यांनी त्यांच्या गळ्याभोवती नॅपकिन खोचला, खिशातून कंगवा काढला आणि शेटच्या केसांतून फिरवला. हाताखाली डोकं आल्यावर मनातल्यांची जीभ सुटली.

"शेट," ते म्हणाले, "मला नाही पटत."

शेट दचकले. वडील म्हणायचे तसेच. पण कंगव्यानं कुणाचा गळा कापला जात नाही.

"मान सरळ ठेवा. सांगतो. आपल्या दोन दुकानांपुढे दिवसभर तीन गाड्या उभ्या असतात. एक तुमची. एक तुमचा टेम्पो. तिसरी माझी. माझी गाडी मी गिऱ्हाइकासाठी जागा धरून ठेवायला लावतो. गिऱ्हाईक आलं तरी ती मी हलवत नाही, कारण हलवली तर कुणी भलतंच येऊन जागा बळकावेल. हे इतकी वर्षं चाललंय आणि आजपर्यंत मला यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. काल रात्री वाटलं."

हॉलमध्ये बरीच माणसं एकदम खाली बघायला लागली. त्यांच्याही दुकानांपुढे कुणाकुणाच्या जागा धरलेल्या होत्या.

"आणि माझा सोफा?" शेट नॅपकिनमधून म्हणाले. "सांगा मला."

"सोफ्याचं तुमचं खरं आहे. साहेब, तिथे मला तुमचं पटत नाही." कंगवा इंजिनिअर साहेबांकडे वळला. "सोफा उतरवायला जागा नसेल तर तो तुमच्या लेनमध्येच उतरणार. मग बस गाड्यांऐवजी सोफ्यामागे उभी राहील, एवढाच फरक. सकाळी दुकानं उघडेपर्यंत टेम्पो लागू द्या. आणि माझ्याकडे येणाऱ्यांत गुडघेदुखीची माणसं आहेत, मुलगा गाडीनं आणून सोडतो. बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांना उतरायला जागा ठेवा. ते गल्लीच्या त्या टोकापासून चालत येणार नाहीत, ते दाढी वाढवतील."

"बघा," साहेब म्हणाले, "विचार करता येईल."

"आणि माझं?" ड्रायव्हर म्हणाला. "माझं तरी... पटतं ना?"

"तुमचं सगळं पटतं. दार उघडत नाही ते सोडून."

"थांबा... पुढे आहे," ड्रायव्हर म्हणाला, पण त्याचा आवाज जरा पडला होता.

"एवढं पुराण ऐकलं," काठीवाल्या आजी म्हणाल्या, "आता एका शब्दात सांग. लेन हवी का नको?"

मनातल्यांचा कंगवा शेटच्या भांगात मध्यावर थांबला.

"हवी," ते म्हणाले. "माझी गिऱ्हाइकं त्यानं कमी होतील, शेट माझ्याशी बोलायचे नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण माझी बायको मला रोज संध्याकाळी आरशात दिसते. मला ती घरात दिसायला हवी."

हॉल पुन्हा हसला, पण या वेळी कुणाची नक्कल नव्हती, त्यामुळे मनातले गोंधळले. त्यांनी शेटच्या गळ्यातला नॅपकिन काढला आणि सवयीनं त्यांची मान झटकून दिली. शेट उठले आणि मनातल्यांकडे न बघता खाली उतरले. भांग मात्र फार सुरेख पडला होता.

शेवटच्या रांगेत बायको पर्समध्ये काहीतरी शोधत होती. बराच वेळ शोधत होती.

लेन झाली. लाल रंगाची, आणि पहिल्याच आठवड्यात त्या रंगावर कुणीतरी पाच मिनिटांसाठी गाडी लावून दंड भरला. बाजूच्या गल्लीत गाड्यांची दाटी झाली आणि गल्लीतल्या लोकांनी वेगळी सभा मागितली. टेम्पो सकाळी लागायला लागला. मनातल्यांची गाडी घरामागे गेली. ती सुरू करायला धक्का मारावा लागला, तेव्हा ती किती वर्षं गाडी नसून खुंटी होती ते त्यांना कळलं. काही गिऱ्हाइकं तुटली. बसनं येणारी काही नवी आली, पण ती तेवढी टिप देत नसत.

सोफेवाले शेट महिनाभर आले नाहीत. केस कानांवर आले, मानेवर आले. मग एका सकाळी दारात उभे राहिले, आणि एका कानावरचे केस दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब होते.

"पलीकडच्या चौकातल्याकडे गेलो होतो," ते खुर्चीत बसत म्हणाले. खुर्चीनं ओळखीचा सुस्कारा सोडला. "सगळ्याला हो म्हणत होता. मी म्हटलं कल्ले ठेव, हो म्हणाला. म्हटलं उडव, हो म्हणाला. सांगा मला, अशा माणसावर डोकं कसं सोपवायचं?"

"मला नाही पटत शेट," मनातले कापड झटकत म्हणाले. "तो हात चांगला चालवतो. तुम्हीच हलला असाल."

शेटनी आरशातून त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग मान सरळ केली.

बायकोनं किल्ल्या घेतल्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी मनातल्यांचं लक्ष कामात नव्हतं. ते आरशात बघत होते. बस येईल, थांबेल, खिडकीत ती दिसेल. बस आली. आरशाच्या एका कडेतून शिरली आणि दुसऱ्या कडेतून निघून गेली, मधे नुसता एक लाल-पांढरा फराटा. मनातले कंगवा वर धरून तसेच उभे राहिले.

"गेल्या का वहिनी?" बाकावरचे आजोबा म्हणाले.

"गेली," मनातले म्हणाले, आणि हातवाऱ्यांवाचून संध्याकाळ भलतीच मोकळी वाटायला लागली.

थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. जिथे इतकी वर्षं त्यांची गाडी उभी असायची त्याच्या अलीकडे, रिकाम्या फुटपाथवर, बायको उभी होती. थांब्यावर उतरून चालत मागे आली होती. दार उघडं होतं, दोन पावलं आत येऊन बोलता आलं असतं. पण ती काचेबाहेरच थांबली आणि तिनं हाताची वाटी करून गोल दाखवलं.

बाक जागा झाला. "अंडी." "कांदे, कांदे." आजोबांनी बटाट्यावर पैज लावायची तयारी दाखवली.

मनातल्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. बाकाला 'उद्या या' म्हटलं, दुकान बंद केलं, तिला तिथेच थांबवून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि पिशवी घेऊन परत आले.

तिनं पिशवीत डोकावून पाहिलं. "कांदे? मी अंडी सांगितली होती."

"अंडी अशी दाखवतात?"

"मग कशी दाखवतात?"

मनातल्यांनी थांबून, नीट, बोटं जुळवून दाखवली. "अशी. तू दाखवलंस तो कांदाच होता."

"अंडंच होतं."

"मला नाही पटत," मनातले म्हणाले, आणि अंडी आणायला परत फिरले.